साडभाऊंनी नापास केलेलं नागपूर

नागपूरच्या चारी दिशांना आजवर प्लॉटांचे जेवढे लेआउट पडले, ते सगळेच्या सगळे पायांनी तुडवून, डोळ्यांनी निरखून आणि बोटांनी वाजवून नापास करणारा या भूतलावर एकच माणूस आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला साडू म्हणतात त्याला आम्ही विदर्भातली माणसं साडभाऊ म्हणतो. बायकोच्या बहिणीचा नवरा. तसं पाहिलं तर रक्ताचं नातं काहीच नाही. पण दोन माणसं एकाच सासऱ्याच्या उंबऱ्यावर एकाच तऱ्हेनं ठेच खातात, तेव्हा त्यांच्यात जो जिव्हाळा उपजतो तो सख्ख्या भावांतही सापडत नाही. ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मात्र या भूगोलाच्या मास्तराला नागपूरचा भूगोल शिकवला तो त्यांनीच. दर रविवारी, स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून, सलग अकरा वर्षं.

साडभाऊंची सगळी हयात इतवारीत गेली. भांड्यांच्या एका जुन्या दुकानात ते कामाला, आणि दुकानापासून चार गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. गल्ली अशी, की एका वेळी हातगाडी तरी जावी नाहीतर माणूस तरी. दोघं समोरासमोर आले तर माणसानं बाजूच्या दुकानात शिरायचं आणि नुसतं शिरलो असं वाटू नये म्हणून एखाद्या चमच्याचा भाव विचारायचा, असा तिथला रिवाज. या गल्लीत साडभाऊंचा दरारा होता तो त्यांच्या कानामुळे. पाण्याचा गुंड असो, परात असो, पसरट कोपर असो, ते भांडं डाव्या हातावर अधांतरी धरायचे, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्यावर मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. "ठण्ण वाजलं तं भांडं, भद्द वाजलं तं भानगड," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर त्यांच्या कानाला ऐकू येत असे. पुढे पुढे ही सवय दुकानापुरती राहिली नाही. आमच्या लग्नात त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून ते क्षणभर थांबले होते. मला वाटलं, माया. आता खात्री आहे, ते ऐकत होते.

घर पाहण्याचं खूळ सुरू झालं ते एका पेढ्यावरून. त्यांच्या दुकानातल्या एका सहकाऱ्यानं बेशाकडे प्लॉट घेतला आणि सगळ्यांना पेढे वाटले. साडभाऊंनी पेढा खाल्ला, रविवारी मला घेऊन प्लॉट पाहायला गेले, तिथल्या कुंपणाचा खांब वाजवला आणि परत येताना म्हणाले, "पेढा चांगला होता, मास्तर. प्लॉट भद्द आहे." पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात किडा शिरला. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, ताईंचे गुडघे जिना चढताना कुरकुर करू लागलेले. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. तेव्हा आता खाली, जमिनीवर, मोकळ्या हवेत घर पाहिजे, एवढं घरात ठरलं. कुठं पाहिजे, हे ठरवायचं काम साडभाऊंनी स्वतःकडे घेतलं, आणि ते काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की अकरा वर्षं ते ठरूच दिलं नाही.

त्यांच्या दुकानाला रविवारी सुट्टी. सकाळी आठला तर्री-पोहे खाऊन आम्ही निघायचो. कधी हुडकेश्वर, कधी गोधनी, कधी दाभा, कधी हिंगण्याचा रस्ता, तर कधी बुटीबोरीच्या अलीकडे नुसत्या चुन्याच्या रेघा मारलेलं एखादं माळरान. स्कूटरच्या डिक्कीत त्यांची सामग्री असायची: दोन रिकाम्या बाटल्या, एक झाकणाची स्टीलची डबी, एक दुपट्टा आणि शिळी पोळी. पोळी कुत्र्यांसाठी. कुत्री भुंकली तर एरिया जागता, पोळी घेऊन गप्प बसली तर एरिया लाचखाऊ, असं त्यांचं शास्त्र होतं. एकदा नरसाळ्याकडच्या एका कुत्र्यानं पोळी हुंगली आणि तोंड फिरवून निघून गेलं. "इकडची माणसं गर्विष्ठ असतीन," म्हणत साडभाऊंनी तिथूनच स्कूटर वळवली.

बाटल्या पाण्यासाठी होत्या. ज्या लेआउटला जाऊ तिथल्या बोअरचं पाणी साडभाऊ त्यांत भरून आणत आणि घरी ताईंकडून त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून घेत. पाणी जड असेल तर डाळ गळत नाही, कडकच राहते, हे खरंच आहे. पण प्रत्येक वस्तीचं वरण चाखून तिचा निकाल लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांच्या फ्रिजचं दार उघडलं की नागपूर तालुक्याचा नकाशा उघडल्यासारखं वाटायचं. एकदा ऐन उन्हाळ्यात त्यांच्या व्याह्यांनी, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांनी, पाणी मागितलं, तेव्हा ताईंनी अगदी सहज विचारलं होतं, "वाडीचं देऊ का दिघोरीचं?" व्याही पुण्याचे. त्यांनी घाबरून "उकळलेलं" असं उत्तर दिलं आणि परत गेल्यावर सुनेला फोनवर विचारलं म्हणे, की तुझ्या माहेरी सगळं ठीक आहे ना?

डबी होती विरजणासाठी. साडभाऊंचं म्हणणं असं, की शेजार कसा आहे हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं; ते विरजण मागितल्याशिवाय कळत नाही. कोणत्याही अनोळखी दारासमोर उभं राहून ते हाक मारत, "बाई, आम्ही इकडे राहाले येऊन राहिलो. घरचं विरजण संपलं. चमचाभर भेटन का?" बेलतरोडीकडे एका बंगल्याच्या फाटकावर माणसाऐवजी एक डबा बोलला. "कोण पाहिजे?" डब्यानं विचारलं. साडभाऊंनी डब्याला नमस्कार केला आणि विरजण मागितलं. डबा जरा खरखरला आणि म्हणाला, "काका, ऑनलाइन मागवा ना." झालं, तो एरिया नापास. पण उलटंही व्हायचं. गोधनीला एका बाईंनी विरजण तर दिलंच, वर आम्हाला बसवून घेतलं, चिवडा दिला, चहा दिला आणि दीड तास सुनेविषयी सांगितलं. मला वाटलं, आता जमलं. बाहेर पडताना साडभाऊ कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "विरजण एक नंबर आहे, मास्तर. पण ह्या बाई रोज भेटतीन."

उन्हाची परीक्षा वेगळी. ती नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, भर दुपारी दोनला. ज्या दिवसांत नागपुरात कावळासुद्धा कूलर शोधतो त्या दिवसांत साडभाऊ डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून प्लॉटच्या मधोमध उभे राहायचे आणि दुपट्टा किती मिनिटांत वाळतो ते घड्याळात पाहायचे. सोबत एजंटानंही उभं राहायचं, ही अट. एकदा एक नवा, टाय लावलेला एजंट त्यांच्या तावडीत सापडला. लेआउटचं नाव 'शीतल छाया' की असंच काहीतरी, आणि सबंध पाच एकरांत सावली पडत होती ती एजंटाच्या टायची. "झाडं लावणार आहे ना काका," तो बिचारा लाल तोंडानं म्हणाला, "सावली मंग येईन."

"सावली काय टेम्पोत भरून येते काय गा?" साडभाऊंनी विचारलं.

त्यानं मग विषय बदलून विमानतळ दहा मिनिटांवर असल्याचं सांगितलं. "मले कोणत्या विमानात बसाचं आहे?" साडभाऊ म्हणाले. त्यानं मेन रोड पाच मिनिटांवर असल्याचं सांगितलं. हे मात्र त्यानं सांगायला नको होतं, कारण साडभाऊंनी लगेच त्याचा हात धरला आणि म्हणाले, "चाल." त्या उन्हात आम्ही तिघे पायी निघालो. मेन रोड लागायला तेवीस मिनिटं लागली. एजंटाचे टोकदार बूट चालण्यासाठी बनवलेलेच नव्हते. मेन रोडवर साडभाऊंनी त्याला रसवंतीवर बसवलं, दोन गिलास उसाचा रस पाजला, स्वतःचा दुपट्टा पाण्यात भिजवून त्याच्या डोक्याला बांधून दिला आणि मायेनं विचारलं, "तू कुठं राहतो गा?" तो म्हणाला, "भाड्याच्या खोलीत." "मंग एवढा चांगला प्लॉट आहे, तं तूच काहून नाही घेत?" यावर तो पोरगा खाली पाहून हसला. पुढे त्यानं प्लॉट विकायचा धंदाच सोडला आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. अजून दिवाळीला साडभाऊंना नमस्कार करायला येतो. बाकीच्या एजंटांचा अनुभव इतका गोड नाही. त्यांची आपसात काहीतरी खूण ठरली असावी, कारण शेवटच्या तीन-चार वर्षांत आमची स्कूटर दिसली की लेआउटच्या मंडपातली माणसं जेवायला निघून जायची. मग सकाळचे नऊ वाजलेले का असेनात.

मी एकदा वैतागून विचारलं, "भाऊ, तुम्हाला पाहिजे तरी कसा एरिया?" तेव्हा त्यांनी स्कूटर बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि फार गंभीरपणे सांगितलं, "असा पाहिजे मास्तर, का कोणाच्या मयतीले माणसं आली पाहिजे, आणि वाढदिवसाले नाही." एवढ्या एका वाक्यात बसणारी वस्ती नागपुरात नव्हती असं नाही. पण तिथं मग डास निघत, किंवा शेजाऱ्याच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी साडभाऊंना "भांडकुदळ" वाटत, किंवा रस्ता इतका रुंद असे की पलीकडच्या घराला हाक मारली तर ऐकू जाणार नाही, आणि रुंद नसला तर म्हणायचे, "मंग इतवारी काय वाईट आहे?"

घरमालकांनी जेव्हा बोलावणं धाडलं तेव्हा मात्र प्रकरण गंभीर झालं. मालक भले गृहस्थ. त्यांनी साडभाऊंना बसवून सरबत दिलं आणि सांगितलं, की इमारत फार जुनी झाली, मुलांच्या मनात पाडून नवी बांधायची आहे, दिवाळीनंतर काम काढू. तेव्हा भाद्रपद लागला होता. साडभाऊ सरबत पिऊन घरी आले आणि ताईंना म्हणाले, "मालकानं दिवाळीपर्यंत टाइम दिला, काही घाई नाही." पुढच्या तीन रविवारी त्यांनी सात ठिकाणं नापास केली. त्यातल्या एका ठिकाणी नापास होण्याचं कारण होतं, तिथं कावळे नाहीत. मी पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, "भाऊ, दिवाळीनंतर ताईंना कुठं ठेवणार? डिक्कीत?" ते नुसते एका दगडावर पेर मारून ऐकत बसले. मला तेव्हा संशय आला, की या माणसाला भीती वाटत असावी. ज्या गल्लीत पंचेचाळीस वर्षं हातगाडीला वाट करून दिली तिथून उठायची.

त्यापुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर खाली स्कूटरपाशी ताई उभ्या. बाहेर जायची साडी, हातात पर्स, पायांत चपला. साडभाऊ दुपट्टा घेऊन जिना उतरले आणि थबकले.

"कुठं चालली वं?"

"आज मले न्या."

"तू काय करशील तिथं?"

"तुम्ही करता तेच करीन," ताई म्हणाल्या. "नाही म्हणून वापस येईन."

"मंग मास्तर कुठं बसतीन?"

"त्यांच्यापाशी स्वतःची गाडी आहे. अकरा वर्षं तुमच्या मागं बसले, एक दिवस मागून येतीन."

मी गुपचूप माझी गाडी सुरू केली. पुढे साडभाऊ, मागे ताई, त्यांच्या मागे मी. जाता जाता माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं ज्यांच्या गुडघ्यांसाठी घर शोधत होतो, ज्यांनी सगळ्या नागपूरच्या पाण्यात डाळ शिजवली, त्यांना आम्ही एकदाही सोबत नेलं नव्हतं. मुद्दाम नव्हे. स्कूटरवर जागा दोघांची होती, एवढंच.

ताईंनी रस्ता आधीच काढून ठेवला होता. त्यांच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईकडून त्यांना एक घर कळलं होतं. दिघोरी ओलांडून उमरेडच्या रस्त्याला लागलो, पुढे आत वळलो. दहा-बारा घरांची एक ओळ, शेवटचं घर विकायचं होतं. बांधणारा माणूस मुलाकडे परगावी कायमचा चालला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे वीतभर अंगण, आणि मागे कुंपणापलीकडे धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. हिरवीगार, पाणी भरलेली. साडभाऊंनी गाडी लावल्या लावल्या कामाला सुरुवात केली. फाटक वाजवलं, खांब वाजवला, भिंत वाजवली. "भद्द," ते मला म्हणाले. "पुरी भिंत भद्द आहे, मास्तर." घराचा मालक कानकोंडा होऊन उभा. मी त्याला डोळ्यांनीच धीर दिला. एवढ्यात घराच्या मागून ताईंचा आवाज आला.

"अवो, मी इथं बसली."

आम्ही मागे गेलो. ताई स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या, चपला बाजूला काढून. पर्स मांडीवर. गुडघे सरळ पसरलेले. त्यांनी ना नळ सोडून पाहिला होता, ना कोणाला विरजण मागितलं होतं.

"चाल," साडभाऊ म्हणाले, "पाण्याची बाटली भरतो आणि निघू. डाळ लावून पाहू."

"डाळ अकरा वर्षांपासून मीच शिजवून राहिली. नाही शिजली तं तुम्ही नका खाऊ."

"अवं, पण भिंत भद्द वाजते."

"घर रिकामं आहे. कोणी राहीन तेव्हा वाजीन नीट."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी बांधीकडे पाहिलं. तेवढ्यात शेतापलीकडच्या रस्त्यावरून लाल बस गेली. ताईंनी मान लांब करून ती पाहिली, दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि म्हणाल्या, "कुहीची."

कुहीच्या पलीकडे एका खेड्यात या दोघी बहिणींचं माहेर. धानाचं गाव. आई-वडील गेल्यावर शेती चुलत भावांकडे गेली आणि जाणं-येणं हळूहळू थांबलं. आम्ही जावई मंडळी सुटलो असंच समजत होतो. बसमध्ये फार धूळ यायची.

"तुले कुहीले जाचं आहे का?" साडभाऊंनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. "तं मी नेतो ना. आत्ता जाऊ."

"जाऊन कोणाकडे उतरू?" ताई म्हणाल्या. "मले जाचं नाही आहे. गाडी गेली, तं नुसती दिसली पाहिजे."

साडभाऊ उभे होते तिथंच उभे राहिले. मधलं बोट वाकवलेलं होतं, पण ते कशावर मारावं हे त्यांना सुचत नव्हतं. मग ते त्या घरमालकाकडे वळले आणि जणू दुसराच कोणी माणूस त्यांच्या तोंडून बोलत असावा तसे म्हणाले, "रजिस्ट्री कधी करता, भाऊ?"

दिवाळी त्यांनी त्याच घरात केली. पण साडभाऊ असे सहजासहजी हरणारे नव्हेत. पहिले दोन महिने ते त्या घराला "तुमच्या ताईचं घर" म्हणायचे. मी गेलो की फाटकातच तक्रारी सुरू. शांतता इतकी, की सकाळी हातगाड्यांच्या आवाजाशिवाय जाग येत नाही. रस्त्यावरून माणूस गेला तर अंगाला घासल्याशिवाय जातो, मग तो गेला हे कळावं कसं? शेजारी चांगले आहेत, पण फारच चांगले, त्यामुळे काहीतरी लपवत असतील. ताई आतून पोहे परतता परतता हे सगळं ऐकत आणि मधूनच म्हणत, "मास्तर, त्यांना विचारा, डाळ शिजते का नाही?" साडभाऊ यावर पोह्यांची दुसरी बशी मागत. डाळ छान शिजत होती, हे त्यांच्या पोटावरून दिसत होतं.

मग एक उन्हाळा, एक पावसाळा गेला आणि हळूहळू बातम्या बदलत गेल्या. आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटांवर गिऱ्हाईकं येऊ लागली आणि साडभाऊ अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. एजंटाचं भाषण संपलं की ते गिऱ्हाइकाला हाक मारत, "या, चहा घेऊन जा," आणि मग त्या कुटुंबाला सांगत, की उन्हाळ्यात वारा कुठून येतो, पावसात पाणी कुठं साचतं, बस किती वाजता थांबते आणि सांगूनही थांबत नाही ती कोणती. सगळं खरं सांगत, चांगलंही आणि वाईटही. पहिल्यांदा एजंट त्यांच्या पाया पडून म्हणाले, "काका, तुम्ही घरात बसा." आता तेच एजंट गिऱ्हाइकाला आधी काकांकडे आणतात, कारण काकांशी बोललेला माणूस बहुधा प्लॉट घेऊनच जातो. एका जोडप्याला ते सांगत असताना मी स्वतः ऐकलं. नवरा नकाशा, वीज, पाणी सगळं विचारत होता. साडभाऊंनी त्याला हातानं थांबवलं आणि मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला म्हणाले, "तुले काय विचाराचं आहे, बाई?" ती गोंधळली. तिला कोणी विचारेल अशी तिची तयारीच नव्हती.

परवा संक्रांतीनंतरच्या रविवारी मी आणि माझी बायको त्यांच्याकडे गेलो होतो. दुपार कलली होती. दोघी बहिणी मागच्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. आम्ही दोघे पुढे अंगणात उन्हाला पाठ करून. मागून त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. लहानपणीचं काहीतरी, कोणाची तरी म्हैस, कोणा मामीची नक्कल. आणि मग माझी बायको हसली. खळखळून, मोठ्यानं, दम लागेपर्यंत. मी कान देऊन ऐकलं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण हे हसू मी अगदी सुरुवातीच्या वर्षांतच कधीतरी ऐकलं असेल. साडभाऊही ऐकत होते, डोळे मिटून.

निघताना ते फाटकापर्यंत आले. बायको आतून सोल्याची, म्हणजे त्या सोललेल्या तुरीच्या दाण्यांची, पिशवी आणायला गेली होती, तेवढ्यात माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्ही कधी विचारलं का गा तिले? तिले कुठं राहाचं होतं?"

आमचा फ्लॅट मी एकट्यानं पसंत केला होता, शाळा जवळ पडते म्हणून. शाळेतून निवृत्त होऊनही आता चार वर्षं झाली.

परतीच्या रस्त्याला ऊन उतरून गेलं होतं आणि थंडी पडू लागली होती. बायको मागे बसली होती, पिशवी दोघांच्या मध्ये. दिघोरीच्या अलीकडे मी गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं. कसं विचारलं ते मला नीट आठवत नाही. जरा अडखळत विचारलं असावं.

एक ट्रक गेला, दोन ऑटो गेले.

"आता विचारता?" ती म्हणाली.

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पण थोड्या वेळानं तिनं तिच्या शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "हळू चालवा. सांगते."